राग येण्याच्या आधीचा तास

एका भगिनीने विचारलं आहे, थोडक्यात असं: "बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं झाली. उपासना चुकवत नाही, रोज बायबल वाचते, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते. तरी घरात माझं तोंड सुटतं, मुलांवर ओरडते. कामावरच्या एका सहकाऱ्याविषयी मनात कडवटपणा साचून राहिलाय. प्रत्येक वेळी ठरवते, प्रत्येक वेळी मोडतं. ख्रिस्तासारखं होणं माझ्यासारखीला जमणार आहे का? की स्वतः बदलेपर्यंत शिकवणं थांबवावं?"

ताई, "प्रत्येक वेळी ठरवते, प्रत्येक वेळी मोडतं" हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कितीतरी प्रामाणिक विश्वासणारे नेमके इथेच अडकतात. राग उसळला की त्या क्षणी दात-ओठ आवळून स्वतःला आवरायचं, एवढाच त्यांचा ख्रिस्तासारखं होण्याचा बेत असतो. तो बेत अपुरा पडतो, कारण त्या क्षणी माणूस काय करणार हे बहुतेक वेळा आधीच ठरून गेलेलं असतं.

येशूला अटक झाली ती गेथशेमाने बागेतली रात्र आठवा. एकाच बागेत, एकाच संकटासमोर येशू आणि पेत्र दोघं आहेत. येशू व्याकूळ होऊन प्रार्थना करतोय. पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना त्याने जवळ नेलं आणि जागे राहायला सांगितलं. ते झोपले. शुभवर्तमान लिहिणारा लूक इथे एक बारकावा देतो: ते दुःखाने झोपी गेले होते. म्हणजे त्यांना पर्वा नव्हती असं नाही, ते खचले होते. येशूने पेत्राला विचारलं, घटकाभरही तुम्हांला माझ्याबरोबर जागं राहवलं नाही का? जागे राहा आणि प्रार्थना करा, नाहीतर परीक्षेत पडाल, असंही बजावलं. थोड्याच वेळात पकडायला आलेला जमाव पोहोचला. पेत्राने तरवार उपसून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान कापला. येशूने त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला.

पेत्राचं प्रेम खोटं नव्हतं. तुझ्यासाठी जीव देईन असं तो त्याच संध्याकाळी बोलला होता, आणि मनापासून बोलला होता. निर्धार त्याच्याकडे भरपूर होता, तयारी नव्हती. येशूचं पाहा. हातात काठ्या-तरवारी घेतलेली माणसं समोर आल्यावर शांत राहायचं असं त्याने ऐनवेळी ठरवलं नाही. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे बोलणं त्याचं पित्याशी आधीच झालं होतं, आणि ते सोपं गेलं नव्हतं. लढाई तिथे, झाडांखाली, गुडघ्यांवर झाली. म्हणून पुढे अटक होत असतानाही शत्रूच्या माणसाच्या जखमेकडे लक्ष द्यायला त्याचं मन मोकळं होतं.

तुमचा राग, माझा उतावीळपणा, आणखी कुणाची मत्सरी वृत्ती यांवर काम करायचं असेल तर ते त्या आधीच्या तासात करावं लागतं. गाणाऱ्याचा सूर मैफलीत लागतो तो पहाटेच्या रियाजामुळे. मैफलीत बसल्यावर कितीही जोर लावला तरी रियाजाची उणीव भरून निघत नाही. प्रेषित पौलानेही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सुभक्तीचा सराव करायला सांगितलं आहे.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, नाहीतर सगळा सराव ओझं होऊन बसेल. बदलणं ही तारणाची किंमत नाही. देवाने तुम्हांला ख्रिस्तामध्ये स्वीकारलं ते तुम्ही शांत स्वभावाच्या होता म्हणून नाही, आणि तुम्ही ओरडलात म्हणून तो तुम्हांला टाकत नाही. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात देवाचा संकल्प सांगितला आहे की आपण त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपाचे व्हावं. म्हणजे हे काम सुरू करणारा तो आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात दोन वचनं एकाला लागून येतात: आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, आणि इच्छा करणं व कृती करणं हे दोन्ही तुमच्या ठायी घडवणारा देव आहे. काहीजण पहिलं वचन घेऊन स्वतःला पिळतात, काहीजण दुसरं घेऊन स्वस्थ बसतात. दोन्ही एकत्र धरा.

आणि नुसत्या धार्मिक सवयींनी भागत नाही हेही खरं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. इतक्या विदुषीने, इतक्या त्यागी स्त्रीने हे लिहिलं आहे. तेव्हा उपासना, वाचन, शिकवणं हे सगळं करूनही आत कोरडं वाटत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त त्या कोरडेपणावर आणखी एखादा कार्यक्रम हे औषध नव्हे. तुम्ही रोज बायबल वाचता म्हणालात. मग विचारतो: त्या वाचनात तुमची येशूशी गाठ पडते का, की ठरलेला भाग उरकला जातो?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे एकच जागा निवडा. गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ सांगताना नऊ गोष्टी येतात: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊंवर एकदम काम करायला निघालेला माणूस आठवड्याभरात दमतो. ख्रिस्तासारखं व्हायचंय, असं मोघम ठरवण्यापेक्षा "संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसत नाहीत तेव्हा मी ओरडते" इतकी नेमकी जागा पकडा. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात हीच रीत शिकवली: एका वेळी एकच दोष घ्यायचा, सकाळी त्याविषयी सावध व्हायचं, दुपारी आणि रात्री थांबून पाहायचं की तो कितीदा डोकावला, आणि खूण करून ठेवायची. तुमची मंडळी कोणत्याही पंथाची असो, ही रीत वापरायला हरकत नाही.

ती जागा सापडली की दोन आठवडे नुसतं लिहून ठेवा. राग आला तेव्हा किती वाजले होते, समोर कोण होतं, त्याच्या आधीच्या तासात काय झालं होतं? हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा. पुष्कळदा असं दिसतं की मुलं हे निमित्त होतं. कामावर अपमान झाला होता, किंवा झोप झाली नव्हती, किंवा पैशाची धास्ती होती, किंवा "लोक काय म्हणतील" ही भीती होती. रागाच्या पोटात बहुधा भीती किंवा दुखावलेला अभिमान असतो. तो सापडला की प्रार्थना नेमकी होते. "प्रभू, मला शांती दे" याऐवजी "प्रभू, आज बैठकीत मला कमी लेखलं गेलं, ते अजून सलतंय, ते घेऊन मी घरात शिरतेय" अशी प्रार्थना होते. स्तोत्रकर्ते देवाशी इतकंच उघड बोलत. 139व्या स्तोत्राच्या शेवटी तो म्हणतो, माझं हृदय पारखून पाहा, माझे विचार जाणून घे. ती प्रार्थना करून मग उठून जाऊ नका, थोडं थांबा.

सकाळचं वाचन काही महिने शुभवर्तमानांवर, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांवर, आणा. सगळं बायबल देवाचं वचन आहेच, पण ज्याच्यासारखं व्हायचं त्याला पाहिल्याशिवाय कसं व्हायचं? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की प्रभूचं वैभव पाहता पाहता आपलं रूपांतर होत जातं. मार्कपासून सुरुवात करा, सोळाच अध्याय आहेत. एक प्रसंग घ्या, दोनदा वाचा आणि एकाच प्रश्नावर थांबा: इथे येशू समोरच्या माणसाशी कसा वागतोय?

तुमच्यासाठी मी मुद्दाम 5वा अध्याय सुचवतो. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, येशू तिकडे निघालाय, घाई आहे. वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली बाई गर्दीतून त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. तिला शोधतो. ती घाबरून सगळं सांगते आणि तो ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगी गेल्याची बातमी येते. याईराच्या जागी मी असतो तर त्या बाईचा मला संताप आला असता. येशू मात्र अडथळा म्हणून आलेल्या बाईला "मुली" म्हणून हाक मारतो, आणि याईरालाही वाऱ्यावर सोडत नाही. 6व्या अध्यायात तो शिष्यांना विश्रांतीसाठी एकांतात नेतो तर तिथेही लोक आधीच येऊन थांबलेले. त्याला त्यांचा कळवळा आला, असं मार्क लिहितो. आपला बराचसा राग कुणीतरी मध्ये आल्याचा असतो. हे दोन अध्याय आठवडाभर मनात घोळू द्या, आणि संध्याकाळी मूल मध्येच हाक मारील तेव्हा काय करायचं ते सकाळीच प्रभूशी बोलून ठेवा. अगदी बारकाईने: ती हाक मारील, मी हातातलं ठेवीन, तिच्याकडे वळीन, आवाज खालच्या पट्टीत ठेवीन. प्रार्थना इतकी तपशिलात करावी का, असं काहींना वाटतं. माझ्या मते तपशिलाशिवाय ती आयुष्याला चिकटत नाही.

रात्री झोपण्याआधी दिवस देवासमोर उलगडा. आधी आभार माना, मग दिवसाकडे बघा, हा क्रम बदलू नका. दोषांपासून सुरुवात केली की मन स्वतःभोवतीच फिरत राहतं. कुठे चुकलं ते नाव घेऊन कबूल करा, योहानाच्या पहिल्या पत्रातलं क्षमेचं वचन धरा आणि झोपा. रात्रभर स्वतःला कोसत राहण्याला काहीजण पश्चात्ताप समजतात. पश्चात्तापात माणूस देवाकडे वळतो, आणि कोसत बसलेला माणूस स्वतःकडेच बघत असतो.

आणि ज्याच्यावर ओरडलात त्याची क्षमा मागा, त्याच दिवशी. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर असं येशूने सांगितलं, त्यात मुलं वगळलेली नाहीत. "मी ओरडले, ते चुकलं, मला माफ कर" इथे थांबा. पुढे "पण तूही" आलं की ती क्षमायाचना राहत नाही. आपण मुलांपुढे नमलो तर वचक जाईल ही भीती पालक फार बाळगतात. मी पाहिलेल्या घरांत उलटंच झालं आहे. आई-वडिलांना क्षमा मागताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांना देवाजवळ कबुली द्यायला अवघड गेलं नाही.

हे एकटीने करू नका. यावर मी जरा जोर देतो, कारण आपल्या मंडळ्यांत याचीच मोठी उणीव आहे. रविवारी शेकडो माणसं शेजारी बसतात आणि कुणी कुणाला "तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय" असं विचारत नाही. मेथडिस्ट चळवळीत 1742 साली ब्रिस्टल इथे प्रार्थनागृहाचं कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले. प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची होती. पुढारी घरोघरी जाऊ लागले तेव्हा कुणाचं काय चाललंय हे दिसू लागलं, आणि चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या लक्षात आलं की हवी होती ती व्यवस्था हीच. वर्गणीचे गट आत्मिक काळजीचे गट झाले. तुम्हांला बारा जण नकोत. एक भरवशाची, पोटात गोष्ट ठेवणारी, प्रार्थना करणारी बहीण पुरे. तिला तुमची ती एक जागा सांगा आणि दर आठवड्याला विचारायचा हक्क द्या. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पातकं कबूल करायला सांगितलंय, ते यासाठीच. जे अंधारात ठेवतो ते वाढत राहतं, हे पाळकीय कामात मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

संडे स्कूल सोडू नका. प्रभूला नाकारलेल्या पेत्रालाच समुद्रकिनारी "माझी कोकरे चार" असं सांगितलं गेलं, आणि त्याआधी प्रश्न विचारला गेला तो प्रीतीचा. मात्र वर्गातल्या मुलांवरही आवाज चढत असेल तर आपल्या पाळकांना सांगा आणि काही काळ दुसऱ्या शिक्षिकेच्या जोडीने वर्ग घ्या. मुलांचं भलं आपल्या सेवेच्या आवडीपेक्षा आधी येतं.

शरीराकडेही बघा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देवाचं बोलणं नंतर, डोंगरावर. सततची अपुरी झोप, कामाचा ताण, हार्मोनचे बदल, नैराश्य यांमुळेही चिडचिड वाढते. महिनोन् महिने असंच चालू असेल तर डॉक्टरांना भेटा. औषध घेणं हा विश्वासाचा अभाव नाही.

ख्रिस्तासारखं होण्याच्या नावाखाली सोसू नये असंही काही असतं, तेही लिहितो. महायाजकापुढे एका कामदाराने येशूला चपराक मारली तेव्हा तो म्हणाला, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? कठोर मनाच्या लोकांकडे त्याने रागाने पाहिलं, असंही मार्कच्या 3ऱ्या अध्यायात आहे, आणि त्या रागात दुःख मिसळलेलं होतं. सौम्यता म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात मारहाण होत असेल तर तिने आधी सुरक्षित जागी जावं, मदत मागावी. त्या मारहाणीला वधस्तंभ वाहणं असं नाव कुणी देऊ नये, मंडळीनेही नाही.

आता तो सहकारी. इथे वेगळी रीत लागते, कारण कडवटपणा हा मुरलेला राग असतो. तो एका दिवसात जात नाही. त्याच्यासाठी नाव घेऊन रोज प्रार्थना करा. "त्याला सुधार" अशी प्रार्थना नको, त्याच्या घरच्यांसाठी, त्याच्या कामासाठी, त्याच्या भल्यासाठी करा. सुरुवातीला शब्द तोंडातून निघणार नाहीत. तरी करा. भावना मागाहून येते, कधी बऱ्याच उशिरा. त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलणं थांबवा. हा उपवास अन्नाच्या उपवासापेक्षा कठीण जातो. संधी मिळाली तर त्याचं एखादं काम सोपं करा, त्याला कळू न देता. क्षमा करणं आणि भरवसा ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. क्षमा तुम्ही आज करू शकता. भरवसा त्याच्या वागण्यावर अवलंबून राहील, आणि कामाच्या व्यवहारात तुम्ही सावध राहिलात तर तुमची क्षमा खोटी ठरत नाही.

प्रगती कशी ओळखायची? राग आलाच नाही, अशी अपेक्षा ठेवू नका. अंतर बघा. ओरडणं आणि क्षमा मागणं यांमधलं अंतर आधी दोन दिवसांचं असेल, मग संध्याकाळचं, मग पाच मिनिटांचं होईल. एखाद्या दिवशी शब्द ओठांपर्यंत येऊन थांबेल. ते तुमच्या लक्षातही येणार नाही, घरच्यांच्या येईल. मध्ये कोरडे महिने येतील, प्रार्थना भिंतीशी बोलल्यासारखी वाटेल. तेव्हा नेम मोडू नका, हवा तर लहान करा. आणि दुसऱ्या कुणाची वाढ पाहून स्वतःची मोजू नका.

पेत्राचंच पुढचं सांगतो. तरवार चालवणाऱ्या या माणसाच्या पहिल्या पत्रात, 2ऱ्या अध्यायात, येशूविषयी लिहिलं आहे की त्याची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही, दुःख भोगताना धमकावलं नाही, तर न्यायाने निवाडा करणाऱ्याच्या हाती स्वतःला सोपवलं. बागेत जे त्याला दिसत असूनही कळलं नाही ते आत मुरलं होतं. पण मधली वाट सरळ नव्हती. पवित्र आत्मा मिळाल्यानंतरही अंत्युखियात तो लोकांच्या भीतीने विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांबरोबर जेवायचा मागे सरला, आणि पौलाने सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावलं. अशा प्रसंगानंतर माणसं आयुष्यभर बोलत नाहीत. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी मात्र पौलाचा उल्लेख येतो तो "आपला प्रिय बंधू" असा. चूक दाखवणाऱ्याविषयी असं लिहिता येणं, ही वाढीची खूण मला पेत्राच्या सगळ्या चमत्कारांहून मोठी वाटते.

तुमच्या घरात तुमची चूक दाखवणारी माणसं आधीच आहेत. मुलगा किंवा मुलगी कधीतरी म्हणेल, "आई, तू परत ओरडलीस." तेव्हा कारण सांगू नका, तिच्या उद्धटपणाकडेही वळू नका. "हो, ओरडले" म्हणा, आणि ती आणखी काही सांगणार असेल तर ऐकून घ्या.